वास गेला, तेव्हा आम्हांला काय कळले

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हांला सांगितले की, यंदा आरोग्यावर काहीतरी बोला. आम्ही म्हटले, आम्ही काय डॉक्टर आहोत? आम्ही गिरणीतला माणूस. शाळा दहावीपर्यंत, तीही रात्रशाळेत. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या ऑफिसात, वाचनालयात आणि याच विहाराच्या सतरंजीवर. तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या नाकाचं काय झालं होतं ते सांगा. लोकांना उपयोग होईल." म्हणून आज नाकावर बोलायला उभे आहोत. हसू नका. नाक ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, हे आम्हांला ते गेल्यावर कळले.

सुरुवातीला एक प्रयोग करू. मघाशी महिला मंडळाने सर्वांच्या हातावर चिमूटभर बडीशेप दिली आहे. ती अजून कुणी खाल्ली नसेल तर आता एका हाताने नाक घट्ट दाबा आणि बडीशेप तोंडात टाकून चावा. काय लागते? थोडे गोडसर, बाकी भुसा. आता नाक सोडा. आली की नाही एकदम चव? बडीशेप तीच, जीभ तीच. मग मघाशी चव कुठे गेली होती?

जिभेला कळते ते गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्शात असतो तसला एक रुचकरपणा, एवढेच. बाकी आपण ज्याला चव म्हणतो तो बराचसा वास असतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो आणि आपल्याला वाटते की जिभेलाच चव लागली. म्हणून कोरोनाच्या काळात जो तो "चव गेली, चव गेली" म्हणत होता, त्यातल्या बऱ्याच जणांचा खरे तर वास गेला होता.

आता आमची हकिकत ऐका.

आमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात घरी बसले ते कायमचेच. आम्ही पुढे बदली म्हणून लागलो, मग कायम झालो. आयुष्य लालबाग-परळच्या भोंग्यावर गेले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमची गिरणी थांबली. ती काही पुन्हा सुरू झाली नाही. तेव्हा आपल्या विहारातर्फे घरोघर तांदूळ, डाळ, तेल वाटण्याचे काम चालले होते, त्यात आम्ही होतो. त्या वर्षी १४ एप्रिलची जयंती आपण घरातच दिवा लावून साजरी केली, आणि ६ डिसेंबरलाही चैत्यभूमीवर न जाता घरूनच अभिवादन केले. ते दिवस इथे बसलेला कुणीही विसरणार नाही.

पहिल्या लाटेत आम्ही वाचलो. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, सापडलो. ताप तीन दिवस, अंग मोडून आले, खोकला थोडा. ऑक्सिजन लागला नाही, घरीच एका खोलीत राहिलो. पाचव्या दिवशी बरे वाटले. म्हटले, सुटलो.

त्या दिवशी दुपारी घरात सुकट भाजत होते. आता सुकट भाजायची म्हणजे आख्ख्या माळ्याला निरोप जातो! शेजारच्या काकू दारातून ओरडल्या, "आज काय बेत हाय वाटतं!" आणि आम्ही चुलीपासून सहा फुटांवर बसलेलो, आम्हांला पत्ता नाही. नाक चोंदलेले नाही, सर्दी नाही, श्वास मोकळा. पण वास म्हणून काही नाही. साबण हुंगला, काही नाही. बाम हुंगला तर नाकात गार लागले, पण वास नाही. ताटात सुकट आली तर ती भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखी.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. बामचा गारवा, मिरचीचा ठसका, कांदा चिरताना डोळ्यांना येणारे पाणी, ही वासाची कामे नव्हेत. ती चेहऱ्याची दुसरी नस करते. म्हणून कुणी म्हणेल, "मला बाम कळतो, माझं नाक ठीक आहे," तर त्यावर विश्वास ठेवू नका. चहापूड, हिंग, लवंग हुंगून बघा.

वास जाणे हे या रोगाचे लक्षण आहे, हे तोवर सरकारनेही मान्य केले होते. केंद्राच्या आरोग्य खात्याने १३ जून २०२० रोजी वास आणि चव जाणे ही लक्षणे यादीत घातली. त्यामुळे आम्ही घाबरलो नाही. तीन आठवड्यांनी वास थोडा थोडा परत आला. पहिल्यांदा कळला तो रॉकेलचा. आम्ही खूश. चाळीत सांगत सुटलो की नाक परत आले.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

जुलै महिना होता. पाऊस चालू. सूनबाईने कांदा-लसणाची फोडणी दिली आणि आमच्या नाकात असा वास घुसला की काय सांगावे! जळके रबर आणि गटार एकत्र. आम्ही विचारले, "काय जळलं?" ती म्हणाली, "काही नाही मामा, फोडणी दिली." ताट समोर आले. आमटीला तोच वास. अंड्याला तोच. चहालाही थोडा तोच. दात घासायला गेलो तर पेस्टलाही तोच. घरात बाकी सगळे निवांत जेवतायत, आणि आम्हांला पोटात ढवळतेय.

पहिल्या दिवशी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी म्हटले, कांदे सडलेले आणलेत. तिसऱ्या दिवशी म्हटले, तेल खराब आहे. चौथ्या दिवशी मात्र आमचा तोल गेला. ताट सरकवले आणि सगळ्यांदेखत बोललो, "माणसांना घालायचं जेवण आहे का हे? आईनं काही शिकवलंच नाही वाटतं!"

भगिनींनो, ती पोर तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. गॅसपुढे उभी राहून, स्वतःला मळमळत असताना आमच्यासाठी रांधत होती. एक शब्द बोलली नाही. भांडी घासली, आणि दोन दिवसांनी मुलगा तिला माहेरी पोचवून आला. आमच्या घरच्या आमच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं. आम्हांला कसा वास नाही आला?"

तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्हांला वाटले, यांची नाके मेली, आमचे शाबूत आहे. सूनबाई गेल्यावर आमच्या घरच्यांनी स्वतः जेवण केले. चाळीस वर्षांचा त्यांचा हात. पहिली फोडणी पडली आणि तोच वास! जळके रबर आणि गटार. तेव्हा आम्ही मटकन खाली बसलो. कांदा दुसरा, तेल दुसरे, रांधणारी दुसरी, आणि वास तोच. म्हणजे घाण भांड्यात नव्हती. घाण आमच्या नाकात होती.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात रांगेत उभे राहिलो. तिथे एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी नळी घालून नाक तपासले आणि म्हणाल्या, "काका, असे पुष्कळ पेशंट येतायत. तुमचं नाक दुरुस्त होतंय. दुरुस्ती अर्धवट आहे म्हणून असं होतं." मग त्यांनी जे समजावले आणि पुढे आम्ही जे वाचले, ते आमच्या भाषेत सांगतो.

नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीवर, एक पातळ अस्तर असते. पोस्टाच्या तिकिटाएवढे म्हणा. तिथे वास ओळखणाऱ्या लाखो पेशी आहेत. त्यांचे बारीक धागे चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर मेंदूत जातात. माणसाच्या नाकात वास पकडणारी सुमारे ४०० प्रकारची कुलुपे आहेत. प्रत्येक वास त्यांतली काही कुलुपे उघडतो, आणि कुठली कुठली उघडली यावरून मेंदू ठरवतो की हा कांदा, हा मोगरा. हे कोडे लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ साली सोडवले आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळाले.

आता हा विषाणू काय करतो? गिरणीत साच्यावर विणकर असतो, आणि त्याच्याभोवती कांडीवाला, झाडूवाला, तेलवाला असतात. तेलवाला आला नाही तर विणकर हजर असूनही साचा बंद पडतो. नाकातही तसेच आहे. वास ओळखणाऱ्या पेशींच्या आजूबाजूला त्यांना सांभाळणाऱ्या मदतनीस पेशी असतात. कोरोनाचा विषाणू मुख्यतः या मदतनिसांना धरतो, कारण त्याला आत शिरायला लागणारे दार त्यांच्या अंगावर असते. मदतनीस पडले की खाते बंद. म्हणून वास एकाएकी जातो, नाक मोकळे असतानाही. बहुतेकांचे मदतनीस थोड्या आठवड्यांत उभे राहतात आणि वास परत येतो. पण काहींच्या बाबतीत नुकसान खोलवर जाते, आणि वास ओळखणाऱ्या मूळ पेशीही मरतात.

इथे निसर्गाची एक करामत आहे. शरीरातल्या बहुतेक मज्जापेशी एकदा गेल्या की गेल्या. पण वासाच्या पेशी जन्मभर नव्या तयार होत राहतात. जुनी जाते, नवी येते. तथागतांनी अनित्यता सांगितली तेव्हा आपल्याला फक्त नाश आठवतो. पण जे बदलते ते नवेही होते, हा त्याचा दुसरा अर्थ आम्हांला नाकाने दाखवला.

मग वाईट वास का? ताण्याचे हजारो धागे फणीतून ओवताना एखादा धागा चुकून शेजारच्या घरात गेला, तर कापडावर उभा पट्टा उमटतो. सूत चांगले, रंग चांगला, पण कापड बिघडलेले. नव्या वासपेशींचे धागे मेंदूत जाताना असेच काहीतरी होते, असे अभ्यासकांचे एक म्हणणे आहे. दुसरे म्हणणे असे की, चारशे कुलुपांपैकी थोडीच चालू झाली म्हणजे मेंदूकडे अर्धाच निरोप जातो, आणि अर्ध्या निरोपाचा तो भलताच अर्थ लावतो. कांदा, लसूण, भाजलेले मटण, अंडी, कॉफी, टूथपेस्ट, हे पदार्थ सगळ्यांत जास्त छळतात. हे बहुधा वास गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, म्हणजे रोगी बरा झाला असे सगळे समजून चालतात तेव्हा. आणखी एक प्रकार आहे. कुठेच काही नसताना धुराचा किंवा जळका वास येत राहतो. तो माणूस रात्री उठून गॅस तपासतो, आणि घरचे म्हणतात, याला भास होतो.

हे फक्त कोरोनाने होते असे समजू नका. साधी सर्दी, फ्लू यांच्या विषाणूंनीही वास जातो आणि बिघडतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. चाळिशी-पन्नाशीच्या पुढे आणि बायकांमध्ये ते जास्त दिसते. पण एकेकट्याचे दुखणे म्हणून कुणी लक्ष दिले नाही. कोरोनात एकदम इतक्या जणांची नाके गेली तेव्हा जगाने दखल घेतली. बहुतेक बरे झाले. पण २०२२ साली निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, त्यात साधारण वीसात एकाचा वास सहा महिन्यांनंतरही नीट झालेला नव्हता असा अंदाज निघाला. वीसात एक म्हणजे आपल्या चाळीच्या प्रत्येक माळ्यावर कुणीतरी असणार. मग ते बोलले का नाहीत?

कारण लाज. पाय मोडला तर प्लास्टर दिसते. नाक मोडले तर काय दाखवायचे? "जेवणाला वास येतो" म्हटले की सुनेशी भांडण, आणि नाही म्हटले तर उपाशी. आम्ही शोध घेतला तेव्हा आपल्याच वस्तीत चौघे-पाच जण निघाले. एक ताई नुसत्या दही-भातावर दिवस काढत होत्या, वजन निम्म्यावर आल्यासारखे दिसत होते. तिला कुणी सांगितले होते की ही बाहेरची बाधा आहे, उतारा टाक. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, आणि आपल्या दारात उतारा! दोष त्या ताईचा नाही. ज्याला कुणी खरे कारण सांगत नाही, तो खोट्या कारणाला धरतो. कारण सांगणे हे आपले, कार्यकर्त्यांचे काम होते, आणि आपण ते केले नाही.

फोनवर तर काय काय फिरत होते! नाकात लिंबाचा रस पिळा, कापूर-ओव्याची पुरचुंडी दिवसभर हुंगा, अमक्या गोळ्या दुकानातून आणून घ्या. नाकात लिंबू पिळू नका, आतले अस्तर आणखी भाजेल. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांवाचून कधीही घेऊ नका. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने किती माणसे नेली ते आठवा. मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची मोठी कारणे होती.

मग उपाय काय? डॉक्टर बाईंनी जो सांगितला तो ऐकून आम्हांला आधी वाटले, या थट्टा करतायत. म्हणाल्या, "नाकाची तालीम करा." जर्मनीत ड्रेस्डेन इथले प्राध्यापक थॉमस हुमेल यांनी २००९ साली ही रीत अभ्यासून मांडली. चार वास घ्यायचे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळी आणि रात्री एकेक वास दहा-पंधरा सेकंद हळूहळू हुंगायचा. मन दुसरीकडे जाऊ द्यायचे नाही. लिंबू हुंगताना लिंबू आठवायचे, कुठे खाल्ले, सरबत कुणी दिले. मध्ये थोडे थांबायचे, मग पुढचा वास. निदान तीन महिने, जमल्यास आणखी. खर्च जवळजवळ नाही. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, पण अपाय काही नाही, आणि पुष्कळांना फायदा होतो.

पण तालीम सुरू करण्याआधी आम्हांला दुसरे एक काम करायचे होते. रविवारी आम्ही सूनबाईच्या माहेरी गेलो. व्याही-विहीणबाई, शेजारची दोन माणसे, सगळी होती. ज्या तोंडाने सगळ्यांदेखत बोललो होतो त्याच तोंडाने सगळ्यांदेखत म्हटले, "पोरी, चूक आमची झाली. तुझ्या हातात खोट नव्हती, आमच्या नाकात होती. आम्ही स्टेजवर सम्यक वाचा सांगतो आणि घरात ती पाळली नाही. माफ कर." ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मामा, मग तुम्ही इतके दिवस जेवलात तरी काय?"

बघा, आम्ही तिचा अपमान केला होता, आणि तिला काळजी आमच्या जेवणाची.

सूनबाई परत आली ती आमची तालीम मास्तर होऊन. चार बाटल्या तिने केल्या. एकीत लवंगा कुटून, एकीत लिंबाची साल, एकीत निलगिरीच्या तेलाचा बोळा. गुलाबाच्या पाकळ्या विहारात वाहिलेल्या फुलांतून दुसऱ्या दिवशी यायच्या. त्या वाळून वास गेला की बदलायच्या. डोळे मिटून आम्ही बसायचो आणि ती विचारायची, "ओळखा." पहिला महिनाभर सगळे एकसारखे. चिडायचो. ती म्हणायची, "आनापान करता ना विहारात? तसंच समजा. श्वासावरच लक्ष ठेवायचं." तिने जेवणाचीही युक्ती काढली. गरम पदार्थाचा वास जास्त उठतो, म्हणून आम्हांला गार करून द्यायची. फोडणीला कांदा-लसूण बंद, जिरे आणि कढीपत्ता. ताक-भाकरी, काकडी, उकडलेला बटाटा, केळी. अशाने पोट तरी भरू लागले.

नोव्हेंबरात नातू झाला. त्याला मांडीवर घेतले. लहान बाळाच्या टाळूला एक वास असतो, तुम्हां आयाबायांना तो माहीत आहे. आम्ही वाकून हुंगले. काही नाही. गरम, मऊ लागले, पण वास नाही. त्या रात्री आम्ही जिन्यात जाऊन बसलो. गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते, ते त्या रात्री आले. डोळे गेलेला, कान गेलेला माणूस लोकांना कळतो. वास गेलेल्याचे दुःख विचारायलाही कुणाला सुचत नाही. जग काचेच्या पलीकडे ठेवल्यासारखे वाटते. घरात असे कुणी असेल तर त्याला "एवढंसं काय ते" म्हणू नका.

तालीम सोडली नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत एका सकाळी सूनबाई पोराला तेल लावत होती. आम्ही पेपर वाचत होतो. आणि एकदम खोबरेल तेल, दूध आणि ऊन यांचा मिळून एक वास आला. पेपर टाकला आणि नातवाच्या डोक्याला नाक लावले. होता. तोच होता. सूनबाईला काही सांगावे लागले नाही. आज आमचे नाक बारा आणे परत आले आहे. लसूण करपला तर अजून थोडे रबर येते. तेवढे चालायचेच.

आता मंडळी, सुरक्षेच्या दोन गोष्टी सांगतो, त्या ध्यानात ठेवा.

पहिली घरातली. गॅसच्या सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात मुद्दाम घाण वासाचे रसायन घालते. पण ज्याचे नाकच बंद, त्याला ते काय कळणार? आपल्या खालच्या माळ्यावरच्या एका आजींचे दूध उतू जाऊन शेगडी विझली, आणि गॅस तसाच चालू. शाळेतून आलेल्या पोराने दारातच नाक धरले म्हणून वाचल्या. तेव्हा ज्याचा वास गेला असेल त्याने काम झाले की रेग्युलेटर बंद करायचाच. नळी वेळेवर बदलायची. रात्री एकदा शेजाऱ्याला, पोराला विचारायचे, "बघ रे, वास येतो का?" यात कमीपणा नाही. गळती वाटली तर दिवा-पंख्याचे बटण दाबू नका, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा. दूध, मासळी, शिळे अन्न दुसऱ्याला हुंगायला द्या.

दुसरी गोष्ट कामावरची. आपल्यातली कितीतरी माणसे आजही सफाईच्या कामात, तीही कंत्राटावर. गटारातला एक वायू सडक्या अंड्यासारखा वास देतो. पण तो जास्त झाला की नाकच बधिर करतो. माणसाला वाटते वास गेला, म्हणजे हवा साफ झाली. आणि तिथेच तो कोसळतो. म्हणजे धडधाकट नाकावरही तिथे भरवसा नाही, मग विषाणूने बिघडलेल्या नाकाचे काय बोलावे? सुरक्षेच्या साधनांवाचून गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, ती २०२३ साली ३० लाख केली. पण भरपाई घेण्यापेक्षा माणूस जिवंत घरी येणे महत्त्वाचे. कंत्राटदार म्हणाला "उतर", तर "नाही" म्हणायचे, आणि त्याच्यामागे आपण सगळ्यांनी उभे राहायचे. एकटा नाही म्हणाला तर त्याचे काम जाते. सगळे म्हणाले तर कंत्राटदाराला मशीन आणावे लागते. हे आम्ही युनियनमध्ये शिकलो.

आता शेवटचे. आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले. त्यांच्या अन्नाला, अंगाला, वस्तीला घाण म्हटले. नाकाला पदर लावून माणसे बाजूने गेली. आम्ही लहानपणी आजीला विचारायचो, "आपल्याला खरंच वास येतो का गं?" तिच्याकडे उत्तर नव्हते. आज पन्नाशी ओलांडल्यावर ते उत्तर आम्हांला मिळाले, आणि तेही आपल्याच चुकीतून. ज्याला दुसऱ्याच्या ताटात घाण वाटते, त्याने आधी आपले नाक तपासावे. विषाणूने बिघडलेले नाक डॉक्टरला दाखवता येते. पिढ्यान्‌पिढ्या शिकवून बिघडवलेल्या नाकाला मात्र कान-नाक-घशाचा विभाग नाही. त्याची तालीम समाजाला स्वतःलाच करावी लागेल. आणि ती तालीम आपल्यालाही चुकलेली नाही. आम्हीही आमच्या घरातल्या पोरीच्या हाताला घाण म्हणालोच की! ज्याने अपमान सोसला तो अपमान करणार नाही, असे आपोआप होत नाही. त्यालाही रोज, सकाळ-संध्याकाळ, मन लावून सराव करावा लागतो.

म्हणून कमिटीला आमची एक विनंती आहे. बाकीच्या कार्यक्रमांबरोबर वर्षातून एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विहारात बोलवा. ज्यांचा वास गेला आहे त्यांनी लाजू नये, आमच्याकडे यावे. चार बाटल्या आमच्या सूनबाई तयार करून देतील. पैसे घेणार नाहीत. फक्त रोज दोन वेळा हुंगायचे, आणि घरच्यांवर ओरडायचे नाही, एवढी अट आहे.

 

जयभीम! नमो बुद्धाय!